गाडी कुरकुरते, तिचं ऐका



आज मी तुमच्याशी गाडीच्या आवाजाबद्दल बोलणार आहे. एरवी या कार्यक्रमात आपण बचतीचं, कर्जाचं, पापडाच्या ऑर्डरीचं बोलतो. पण आता बऱ्याच गटांकडे स्वतःची गाडी आली आहे. कुणाकडे छोटा टेंपो आहे, कुणाकडे रिक्षा, कुणाकडे जुनी व्हॅन. यातल्या बहुतेक गाड्या सेकंड हँड. आणि जुनी गाडी म्हटली की ती आवाज करणारच, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते. ते किती चुकीचं होतं, हेच आज सांगायचं आहे.

आमच्या गटाने तीन वर्षांपूर्वी एक जुनी व्हॅन घेतली. हळद, मसाला, पापड, कुरडया असा माल घेऊन आमच्या बायका पाचगणीला विकायला जातात. वाईहून वर जाताना पसरणीचा घाट लागतो. सकाळी चढायचा, संध्याकाळी उतरायचा. गाडी चालवायला आमच्या गटातलीच एक ताई शिकली. परवाना काढला, बॅज काढला. गावातल्या लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली.

गाडी पहिल्या वर्षी बरी चालली. दुसऱ्या वर्षी आवाज सुरू झाले. खड्डा आला की मागून करकर. सीटखाली किणकिण. दार कुरकुरायचं. सकाळी गाडी चालू केली की पुढून किंचाळल्यासारखा आवाज, मिनिटभराने बंद. आणि अधूनमधून कुठूनतरी बारीक चीं चीं. ताई दर बैठकीत सांगायची, "गाडीचं काहीतरी बघायला पाहिजे." आम्ही म्हणायचो, बघू. एकदा मी तिला म्हणाले, "अगं, जुनी गाडी आहे, कुरकुरणारच. टेप जरा मोठा लाव." हे वाक्य माझं आहे. ते लक्षात ठेवा, पुढे मला ते परत सांगावं लागणार आहे.

करकर फारच वाढली तेव्हा गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि सांगितलं की मागचे दोन्ही पाटे आणि शॉकअप बदलावे लागतील, 14,000 रुपये होतील. बैठकीत हा आकडा सांगितला आणि सगळ्या गप्प झाल्या. तेवढे पैसे म्हणजे आमची दिवाळीच्या मालाची खरेदी. एक काकू म्हणाल्या, "विकून टाका ती गाडी. एसटीने जात होतो तेच बरं होतं." दोघीतिघींनी माना डोलावल्या. ताई काहीच बोलली नाही. पुढच्या बैठकीला मात्र ती एक शाळेची वही घेऊन आली.

त्या वहीत तिने आठ दिवसांचे आवाज लिहिले होते. तारीख, रस्ता, गाडीत माणसं किती, माल किती, ऊन का पाऊस, आणि आवाज कसा. मैत्रिणींनो, आवाजासाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत बघा. करकर, कुरकुर, किणकिण, खडखड, घरघर, चीं चीं. प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा. घरघर म्हटल्यावर कुणी किणकिण समजत नाही. आपण मात्र गॅरेजमध्ये जाऊन एवढंच सांगतो, "दादा, गाडी आवाज करते." मग त्यांनी तरी काय शोधायचं?

ताईने प्रत्येक आवाजाला पाच प्रश्न विचारले होते. तेच पाच प्रश्न तुम्ही लिहून घ्या.

एक, गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू असताना आवाज येतो का? येत असेल तर तो इंजिनाच्या बाजूचा. दोन, चाकं जोरात फिरली की आवाज वाढतो का? वाढत असेल तर चाकाकडे बघायचं. तीन, खड्ड्यात, गतिरोधकावर येतो का? तसं असेल तर पाटे, स्प्रिंग, शॉकअप, दारं, सीट, म्हणजे हलणाऱ्या गोष्टी. चार, वळणावर बदलतो का? आणि पाच, ब्रेक दाबल्यावर सुरू होतो, बंद होतो, की तसाच राहतो?

हे ऐकायला चालवणारीने मान वळवायची नाही. तिने रस्त्याकडे बघायचं. दुसरीने मागे बसून ऐकायचं आणि लिहायचं. आम्ही तसंच केलं. एक दिवस ती मागे उजवीकडे बसली, एक दिवस डावीकडे.

पण त्याआधी एक काम केलं, आणि ते अगदी फुकटचं आहे. गाडी पूर्ण रिकामी केली. डबे, पिशव्या, जॅक, पाना, जादा चाक, दाराच्या कप्प्यातली नाणी, सगळं अंगणात काढलं आणि मग गावाबाहेर एक फेरी मारली. किणकिण बंद! सीटखाली एका स्टीलच्या डब्याचं झाकण गेलं होतं, ते जॅकवर वाजत होतं. वर्षभर आम्ही त्या झाकणाला गाडीचा आजार समजत होतो. आता जॅक आणि पाना जुन्या गोणपाटात गुंडाळून बांधून ठेवतो.

आता करकर. लोखंड किंवा रबर कुरकुरतं ते का? दोन वस्तू एकमेकींवर घासतात तेव्हा त्या नेहमी सरळ सरकत नाहीत. क्षणभर चिकटतात, मग सुटतात, परत चिकटतात, परत सुटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की त्याचा आवाज होतो. पाळण्याच्या कडीची कुरकुर तीच आणि बैलगाडीच्या चाकाची करकरही तीच. म्हणून तर आपले आजोबा गाडीच्या आसाला वंगण घालायचे. वंगण घातलं की चिकटणं बंद, म्हणून आवाज बंद.

हे डोक्यात ठेवून आम्ही आधी चूकच केली होती. करकर येते ना, मग घाला तेल. मागच्या पाट्यांवर जुनं इंजिन ऑइल ओतलं. दोन दिवस गाडी गप्प होती. तिसऱ्या दिवशी करकर परत आली आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने. कारण पाटा गाडीला जिथे जोडलेला असतो तिथे लोखंडात रबराचं बुश बसवलेलं असतं. धक्का सोसायला ते रबर असतं. रबराला खनिज तेल चालत नाही. तेलाने ते फुगतं, मऊ पडतं, आणि मग लवकर फाटतं. वरून त्या तेलावर धूळ बसली की ती घासत राहते. म्हणजे आम्ही औषध म्हणून आजारच घातला होता.

वहीतल्या एका नोंदीने वाट दाखवली. "पाऊस. करकर नाही." पुढच्या पानावर, "ऊन. करकर आहे." त्याच्या पुढे परत, "पाऊस. करकर नाही." आधी आम्हाला वाटलं होतं की पावसाने थंड वाटतं म्हणून आपल्यालाच आवाज कमी जाणवतो. पण नाही. कोरडं, कडक झालेलं रबर ओलं झालं की काही वेळ चिकटत नाही. पाटा मोडला असता तर तो पावसात दुरुस्त झाला नसता.

मग ताई एका रविवारी म्हणाली, आपणच पाऊस पाडून बघू. गाडी सपाट जागी उभी केली. हँडब्रेक लावला, चाकांना पुढून-मागून दगड लावले. दोघींनी मागून गाडी दाबायची आणि सोडायची. एकीने नळाच्या रबरी पाइपचा तुकडा घेतला, एक टोक कानाला आणि दुसरं टोक पाट्याच्या जोडाजवळ. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. करकर कुठून येते ते त्यात साफ कळतं. एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त, आणि उजवीकडच्या मागच्या जोडाला कान फाटेल इतकी. मग बाटलीने एका वेळी एकाच जोडावर पाणी ओतलं. पहिल्यावर ओतलं, करकर तशीच. दुसऱ्यावर ओतलं, तशीच. उजव्या बाजूच्या मागच्या जोडावर ओतलं आणि गाडी गप्प.

एका वेळी एकच. हे मी मुद्दाम दोनदा सांगते. सगळीकडे पाणी ओतलं असतं तर आवाज थांबला असता, पण कशाने थांबला ते कळलं नसतं.

एवढं घेऊन आम्ही परत गॅरेजला गेलो. ताईने मिस्त्रींना सांगितलं, "दादा, आवाज करकर आहे, खड्ड्यात येतो, पावसात जातो, आणि उजवीकडच्या मागच्या जोडावर पाणी टाकलं की थांबतो." मिस्त्रींनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी वर घेतली. बुश कडक होऊन त्याला चिरा गेल्या होत्या. डावीकडचंही फार बरं नव्हतं. दोन्ही बाजूंची बुशं बदलली. पाटे ठीक होते, शॉकअप ठीक होते. मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. मिस्त्रींनी एक गोष्ट चांगली केली. गाडी खाली चाकांवर उतरवल्यावर मगच बोल्ट पूर्ण आवळले. गाडी अधांतरी असताना आवळले तर खाली उतरल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर जातं. तुमच्याकडे हे काम निघालं तर एवढं नक्की विचारा.

त्या मिस्त्रींना मी खोटं म्हणत नाही. त्यांना आम्ही आधी काही सांगितलंच नव्हतं. काही न सांगता गाडी पुढे उभी केली तर कुणीही सगळं बदला म्हणणार.

बाकीचे छोटे आवाज घरीच गेले. दाराची कुरकुर दोन ठिकाणी होती. बिजागरी पुसून तेलाचा एक थेंब टाकला, तिथली गेली. दाराच्या कडेची रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून तिला अंगाला लावायची पावडर चोळली, तीही गेली. सीट सरकते त्या लोखंडी पट्टीला थोडं ग्रीस लावलं. समोरच्या प्लास्टिकच्या फटीत कापडाची पट्टी सारली. सकाळचं किंचाळणं फॅन बेल्टचं होतं. बेल्ट सैल असला की थंड इंजिनावर तो घसरतो आणि ओरडतो. तो मिस्त्रींनी ताणून दिला. इंजिन चालू असताना बेल्टजवळ आपण जायचं नाही. पदर, ओढणी, वेणी, बांगड्या, काहीही त्यात ओढलं जाऊ शकतं.

साधा नियम असा. लोखंडावर लोखंड घासत असेल तिथे तेल किंवा ग्रीस. रबराला तेल नाही, त्याला दुकानात सिलिकॉनचा फवारा मिळतो तो. आणि ब्रेकला काहीही नाही. ब्रेकच्या तबकडीला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये, नाहीतर ब्रेक लागणारच नाही.

आता ब्रेकवर आलेच आहे, तर उरलेला आवाज सांगते. चीं चीं.

वहीत त्याची नोंद अशी होती. "चीं चीं. बारीक. काच खाली असली आणि बाजूला कठडा असला की ऐकू येते. मोकळ्या रस्त्यावर नाही. ब्रेक दाबला की बंद होते." करकर गेली, दार गप्प झालं, गाडी शांत झाली. मी म्हणाले, झालं की आता. ती चीं चीं ब्रेक दाबल्यावर बंद होते ना, म्हणजे ब्रेक चांगलाच आहे. मला ते अगदी सरळ वाटलं. ब्रेक खराब असता तर ब्रेक दाबल्यावर आवाज आला असता.

ताई म्हणाली, "कठड्याजवळ ऐकू येते म्हणजे चाकातून बाहेर पडते आणि भिंतीवर आपटून परत येते. चाकातलं आहे. मी दाखवल्याशिवाय घाटात नेणार नाही." त्या दिवशी माल भरून तयार होता. सहा जणी निघायला उभ्या होत्या. दोघी चिडल्या. मीही थोडी चिडले. ती किल्ली घेऊन गॅरेजला गेली.

मिस्त्रींनी पुढचं चाक काढून दाखवलं. ब्रेक दाबल्यावर दोन पॅड लोखंडी तबकडीला दोन्हीकडून धरतात. पॅडवर घासणारा एक थर असतो. नवा असताना तो साधारण 1 सेंटिमीटर जाड असतो, आणि 3 मिलिमीटरवर आला की बदलायचा असतो. आमच्या गाडीत आतल्या बाजूचा थर एका नाण्याच्या जाडीएवढा उरला होता. त्या पॅडला पत्र्याची एक लहान पट्टी असते. थर ठरावीक झिजला की ती पट्टी तबकडीला टेकते आणि चीं चीं करते. हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो, मालकाला सांगण्यासाठी. आणि ब्रेक दाबला की ती पट्टी दाबून बसते, थरथरायची थांबते, म्हणून आवाज बंद होतो. मी ज्याला चांगलं लक्षण समजत होते तेच धोक्याचं लक्षण होतं.

अजून काही फेऱ्या केल्या असत्या तर थर संपून लोखंड लोखंडाला लागलं असतं. पसरणीच्या घाटात, उतारावर, सहा बायका आणि मागे माल. त्यातल्या एकीचं बाळ अंगावर पिणारं. ती चीं चीं ऐकायला ताई काच खाली करत होती, आणि मी तिला टेप मोठा लावायला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी बैठकीत मी हे वाक्य सगळ्यांसमोर परत म्हणून दाखवलं आणि तिची माफी मागितली. गाडी विका म्हणणाऱ्या काकू म्हणाल्या, "आपण तिला गाडी चालवायला दिली, पण तिचं गाडीबद्दलचं बोलणं काही ऐकलं नाही." मला वाटतं, आमचं नेमकं तेच झालं होतं. मिस्त्री म्हणाले 14,000, ते आम्ही लगेच खरं मानलं. रोज गाडीत बसणारी बाई वर्षभर सांगत होती, ते आम्हाला कुरकुर वाटलं.

आता कोणत्या आवाजाला थांबायचं नाही, ते सांगून संपवते. ब्रेक दाबल्यावर खरखर, लोखंड घासल्यासारखी, आली तर गाडी तिथेच थांबवा, पुढे नेऊ नका. ब्रेक न दाबता चीं चीं येत असेल तर त्याच दिवशी पॅड बघून घ्या. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर ही चाकाच्या बेअरिंगची असू शकते, तीही लगेच दाखवा. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळच्या पहिल्या दोनचार ब्रेकला थोडा आवाज आला आणि नंतर गेला, तर घाबरू नका. तबकडीवर गंजाचा पातळ थर येतो, तो पुसला जातो. आणि सगळ्याच पॅडना ती सांगणारी पट्टी नसते. म्हणून आवाज नसला तरी सर्व्हिसिंगच्या वेळी पॅड डोळ्यांनी बघायचे. मिस्त्रींना "दाखवा" म्हणायला लाजू नका. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रलमध्ये कधीच नको, म्हणजे ब्रेकवर सगळा भार येत नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, बाईने नाही आणि मिस्त्रीनेही नाही.

तुमच्या गटाची गाडी असेल तर दहा रुपयांची एक वही आणा आणि दोरीने गाडीतच बांधून ठेवा. बैठकीत हिशोब वाचतो तशी ती महिन्यातून एकदा वाचा. गाडी नसेल आणि पिठाची गिरणी, शेवयांचं मशीन किंवा शिलाई मशीन असेल तरी चालेल. तिथेही नवा आवाज आला की तो कसा, केव्हा, कशाने बदलतो, एवढं लिहायचं. आणि त्या मशीनवर रोज बसणारी जे सांगेल ते आधी लिहायचं.

आमची व्हॅन अजून आहे. खड्ड्यात थोडी खडखडते. ती मागच्या नंबरप्लेटची आहे, आम्ही शोधून ठेवली आहे. पुढच्या महिन्यात स्क्रू बसवू.